आधी सहा आकडे, मग इंजिन

पत्र:

"काका, मी मूळचा कोल्हापूरचा, गेली अकरा वर्षं ऑकलंडला आहे. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उद्यमनगरात इंजिनाचे सिलेंडर कातायचं बोअरिंगचं मशीन होतं. शाळा सुटली की मी तिथंच असायचो. दोन वर्षांपूर्वी मी १९७५ची माझदा ८०८ घेतली. बॉडी चांगली आहे, १.३चं इंजिन थकलंय पण चालतं. तिच्यात माझदाचंच १३बी टर्बो रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेलं) बसवायचं मनात आहे. एकाकडे एफसी आरएक्स-७ या माझदाच्या स्पोर्ट्स कारमधून काढलेलं इंजिन गिअरबॉक्ससकट साडेचार हजार डॉलरला आहे. 'कंप्रेशन एकशे वीस आहे, डोळे झाकून घ्या' म्हणतो. आज जुलै. आबा डिसेंबरात तीन महिन्यांसाठी येतायत, त्यांना या गाडीतून फिरवायचंय. घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार करून होईल का? बायकोला वाटतं पैसे मातीत जाणार. आबा फोनवर म्हणाले, 'पिस्टनच न्हाई, मग ते इंजान कसलं रं?' त्यांना काय सांगू? शिवाय धाकटा भाऊ विचारतोय, आमच्या कोल्हापूरच्या जुन्या फियाटमध्ये असं काही करता येईल का?"

उत्तर:

पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. इसारसुद्धा देऊ नका. पंधरा दिवस थांबा.

तुमच्या बेताला माझा विरोध नाही. उलट गाडी तुम्ही अगदी योग्य निवडली आहे. ८०८ आणि आरएक्स-३ या सख्ख्या बहिणी. १९७१ साली माझदानं एकच बॉडी दोन नावांनी बाजारात आणली. पिस्टनचं इंजिन घातलं की जपानात ती ग्रँड फॅमिलिया आणि इकडे ८०८. रोटरी घातलं की तिकडे सव्हाना आणि इकडे आरएक्स-३. त्यामुळे तुमच्या बोनेटखाली रोटरी येणं हे परक्याला घरात घेण्यासारखं नाही. न्यूझीलंडमध्ये या वाटेनं इतके लोक गेलेत की माउंट कुठं येतात, तेलाचा सम्प आणि खालचा आडवा क्रॉसमेंबर कुठं भिडतात, प्रॉपेलर शाफ्ट किती कापायचा, हे विचारायला जिवंत माणूस सापडतो. हेच तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या जुन्या गाडीबद्दल विचारलं असतं तर मी बराच का-कू केलं असतं.

आता ते एकशे वीस, म्हणजे इंजिनाच्या आतल्या दाबाचा पीएसआयमधला आकडा.

पिस्टनच्या इंजिनात एक सिलेंडर, एक प्लगचं भोक, एक आकडा. रोटरीत एका हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, तीन बाजूंचा रोटर फिरतो. त्या तीन बाजू म्हणजे तीन वेगळे सिलेंडरच समजा, आणि ते तिघं आळीपाळीनं एकाच प्लगसमोरून जातात. नेहमीच्या कंप्रेशन गेजच्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह असतो. तो हवा आत घेतो, परत सोडत नाही. त्यामुळे काटा तिघांतल्या सगळ्यात दणकट बाजूचा आकडा धरून तिथंच थांबतो. उरलेल्या दोन बाजू बसलेल्या असल्या तरी गेज एकशे वीसच दाखवणार. तो माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याच्या गेजनं त्याला जे दाखवलं तेच तो तुम्हाला सांगतोय. पण १३बीला दोन रोटर आहेत. दोन गुणिले तीन, सहा. तुम्हाला सहा आकडे हवेत, आणि त्याच्याकडे एकच आहे.

हे मला फार महागात पडून कळलेलं आहे. माझं पहिलं १३बी मी एका भंगारवाल्याच्या यार्डातून आणलं होतं. पुढच्या कव्हरवर पांढऱ्या खडूनं '११५' लिहिलेलं. तो आकडा बघून मी खूश. तीन महिने खपून इंजिन बसवलं, वायरिंग केलं, आणि एका रात्री स्टार्टर मारला. चांगल्या रोटरीचा स्टार्टरवरचा आवाज सलग असतो, फुस-फुस-फुस-फुस, शिवणयंत्रासारखा एका चालीत. माझ्या इंजिनातून आला फुस-फुस-आणि काहीच नाही, फुस-फुस-आणि काहीच नाही. लंगडणाऱ्या माणसाच्या पावलासारखा. तरीही मी आठवडाभर पेट्रोल, स्पार्क, सेन्सर शोधत बसलो, कारण मन मानत नव्हतं. शेवटी उतरवलं, खोललं. पुढच्या रोटरच्या एका टोकाच्या एपेक्स सीलचा, म्हणजे भिंतीला घासणाऱ्या पट्टीचा, कोपरा तुटला होता आणि त्या तुकड्यानं हाउसिंगच्या क्रोमवर आडवी चर पाडली होती. सील विकत मिळते. हाउसिंग गेलं ते गेलंच. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतोय.

विकणाऱ्याकडे जाताना पूर्ण चार्ज केलेली बॅटरी, जम्पर केबल, प्लगचा पाना आणि टॉर्च न्या. इंजिनाला गिअरबॉक्स आणि स्टार्टर जोडलेले आहेत, म्हणजे जमिनीवर ठेवूनही ते फिरवता येतं. आधी हातानं बघा. चारही प्लग, प्रत्येक रोटरचे दोन, काढा आणि पुढच्या पुलीचा बोल्ट पान्यानं घड्याळाच्या दिशेनं, समोरून बघताना, सावकाश फिरवा. शाफ्ट तीनदा फिरतो तेव्हा रोटर एकदा फिरतो. म्हणजे पुलीच्या तीन फेऱ्यांत तुम्हाला मिळून सहा फुसकारे ऐकू आले पाहिजेत, तीन पुढच्या रोटरच्या भोकांतून, तीन मागच्या. अंगठा भोकावर धरा, दाब बोटाला कळतो. कुठं खरखर लागली, अडकलं, तर तिथंच हात धुऊन घरी या.

मग गेज. खास रोटरीचा टेस्टर असणारा माणूस ऑकलंडमध्ये मिळेल; त्याला पैसे देऊन सोबत न्या, हा सगळ्यात चांगला मार्ग. तो टेस्टर प्रत्येक बाजूचा आकडा वेगळा देतो आणि इंजिन किती वेगानं फिरत होतं तेही नोंदवतो. ते महत्त्वाचं आहे, कारण कारखान्याचं माप मिनिटाला २५० फेऱ्यांवर धरलेलं असतं, आणि दणकट बॅटरीनं जास्त वेगात फिरवलं की आकडे आपोआप वर जातात. या इंजिनाला त्या वेगात कुठलीही बाजू चौरस सेंटिमीटरला सहा किलोच्या, म्हणजे साधारण ८५ पीएसआयच्या, खाली गेलेली चालत नाही, आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. टेस्टर नाहीच मिळाला तर साध्या गेजच्या नळीतला तो एकेरी व्हॉल्व्ह काढून टाका, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि मोबाइलवर काट्याचं चित्रण करा. आकडा खरा येणार नाही, पण काटा तीन उड्या मारेल. घरी येऊन संथ गतीनं बघा. तिन्ही उड्या सारख्या हव्यात. आणखी एक: प्लगच्या भोकातून तेल मारून घेतलेलं कंप्रेशन काही खरं नसतं. तेल सीलच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. भोकाच्या कडा तेलानं ओल्याचिंब दिसल्या तर आधी कोरडं होईपर्यंत फिरवायला सांगा.

टर्बो आणि मॅनिफोल्ड काढायला परवानगी दिली तर फारच बरं. एक्झॉस्टच्या तोंडातून आत टॉर्च मारा आणि पुली फिरवत प्रत्येक एपेक्स सील समोर आणा. लाकडी काडीनं, आइसक्रीमच्या काडीनं म्हणा, हळूच दाबा. सील आत दबून स्प्रिंगनं परत वर आली पाहिजे. जी दबत नाही ती काजळीनं चिकटलीय, जी दबून तिथंच राहते तिची स्प्रिंग गेलीय. सहाच्या सहा तपासा.

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तुमच्या पत्रातला तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

त्यांना सांगा, दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग घ्या, मध्ये किंचित आवळलेली. आतून पोकळ. तो झाला सिलेंडर. त्यात तीन कोपऱ्यांचा रोटर, ज्याचे तिन्ही कोपरे सतत शेंगेच्या आतल्या भिंतीला घासत फिरतात. रोटर मधोमध फिरत नाही, एका विकेंद्री शाफ्टवर डोलत फिरतो, म्हणून भिंत आणि रोटर यांच्यामधली जागा कमी-जास्त होते. जागा वाढली की पेट्रोल-हवा आत, आवळली की दाब, मग ठिणगी, मग बाहेर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो. इथं काही थांबतच नाही. तुमच्या ८०८च्या मूळ इंजिनाची मापाची क्षमता १२७२ सीसी आणि १३बीची १३०८. ३६ सीसीचा फरक. तरी एफसीच्या पहिल्या टर्बो इंजिनाला जपानी मोजणीत १८५ अश्वशक्ती होती, १९८९ नंतरच्याला २०५, आणि तुमचं जुनं इंजिन शंभरीही गाठत नाही. आबा लगेच म्हणतील, मग मोजण्यात काहीतरी गडबड आहे. त्यांचं बरोबर असेल. जपान सरकारही करासाठी रोटरीची क्षमता दीडपट धरतं.

पण आबांना खरं जे पटेल ते वेगळंच आहे. त्यांनी जन्मभर झिजलेला सिलेंडर रीबोअर केला, अर्धा मिलिमीटर मोठा केला, ओव्हरसाइज पिस्टन घातला आणि इंजिनाला दुसरा जन्म दिला. लायनर ठोकून तिसराही दिला असेल. रोटरीत ही सोयच नाही. हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आतून पोलादी पत्र्याचं अस्तर, त्यावर क्रोमचा मुलामा. त्या आकाराला ओव्हरसाइज नसतो. क्रोम उडालं, खोल चर पडली की बोअरिंग मशीन हतबल. काही ठिकाणी नव्यानं मुलामा देतात, पण ते नाक्यावरच्या वर्कशॉपचं काम नव्हे, आणि नवं हाउसिंग घ्यायचं तर त्या एका तुकड्याच्या किमतीत तुमचा सगळा हिशेब बदलतो. म्हणूनच मी तुम्हाला सहा आकड्यांसाठी इतका छळतोय. पिस्टनच्या जगात वाईट इंजिन घेतलं तर मजुरी वाढते. इथं वाईट इंजिन घेतलं तर हातात शोभेचं ॲल्युमिनियम उरतं.

याच भिंतीनं माझदालाही रडवलं होतं. जर्मनीत फेलिक्स वांकेलचं इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिल्यांदा चाललं. माझदानं १९६१ साली त्याचा परवाना घेतला, आणि पहिल्याच चाचण्यांत हाउसिंगच्या आत ओळीनं आडव्या लाटा उमटायला लागल्या. एपेक्स सील भिंतीवर थडथडत घासत होती. हिरोशिमातले माझदाचे इंजिनीअर त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या सत्तेचाळीस जणांच्या तुकडीनं वर्षानुवर्षं सील बदलून बदलून बघितल्या. आडवी-उभी भोकं पाडून पोकळ केलेल्या सीलनं ते थडथडणं थांबलं. उत्पादनासाठी पुढे ॲल्युमिनियम मुरवलेला कार्बन वापरला. १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट बाहेर पडली. आबांना हे सांगाल तेव्हा ते 'चॅटर' म्हणतील. टूल थडथडलं की बोअरमध्ये ज्या लाटा उमटतात, त्या त्यांनी हजारदा बघितल्या असतील. हिरोशिमातली अडचण उद्यमनगरातल्या माणसाला एका शब्दात कळते, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून माझा खरा सल्ला असा: आबा यायच्या आधी गाडी खोलू नका.

तुमच्या डोक्यात डिसेंबरपर्यंत गाडी तयार करून त्यांना विमानतळावरून घेऊन यायचं आहे. जुलै ते डिसेंबर म्हणजे सुट्टीचे चाळीसएक दिवस. त्यात पाऊस, मुलांचे आजार, न आलेलं पार्सल. इंजिन चौकटीत उभं करून स्टार्ट करणं एवढ्या दिवसांत जमेलही. पण गाडी कायदेशीर होऊन रस्त्यावर येणं जमणार नाही, आणि घाईत जे राहून जाईल ते नेमकं ब्रेक किंवा पेट्रोलची नळी असेल. ८०८ आज चालतेय ना? मग तिला तसंच ठेवा. आबांना जुन्या इंजिनावरच घेऊन या. पिहा बीचला न्या. आणि त्या तीन महिन्यांत दोघं मिळून गॅरेजमध्ये १३बी खोला.

कारण कंप्रेशन चांगलं निघालं तरी पस्तीसएक वर्षांचं इंजिन मी न खोलता बसवणार नाही. या इंजिनाची रचना थराथरांची आहे, लोखंडी प्लेट, ॲल्युमिनियमचं हाउसिंग, परत प्लेट, परत हाउसिंग, परत प्लेट, आणि सगळ्यांतून आरपार जाणारे लांब बोल्ट. थरांमध्ये पाण्याच्या रबरी सील असतात. त्या वयानं कडक होतात. कंप्रेशन उत्तम आणि पाण्याची सील गेलेली, असं इंजिन मी बघितलंय. पांढरा धूर आणि रोज सकाळी रेडिएटरात पाणी कमी. त्या सील बदलायच्या तर पूर्ण खोलावंच लागतं.

खोलल्यावर जे लागतं ते आबांच्या हातात आहे. प्लेटवर साइड सीलनं, म्हणजे रोटरच्या सपाट अंगावरच्या सीलनं, पाडलेली पायरी डायल गेजनं मोजायची, एक दशांश मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर प्लेट बाद किंवा लॅपिंगला, म्हणजे घासून सपाट करायला. सरळपट्टी ठेवून फीलर गेजनं प्लेटचा वाक बघायचा, ०.०४ मिलिमीटरच्या आत हवा. साइड सील आणि रोटरच्या कोपऱ्यातली कॉर्नर सील यांच्यातली फट ०.०५ ते ०.१५ ठेवायची, त्यासाठी प्रत्येक सील तिच्या-तिच्या खाचेत घालून, मोजून, टोकाला कानस मारून बसवावी लागते. बारा साइड सील आहेत. एकीला घाई केली की ती एक बाजू कंप्रेशन सोडते. ज्या माणसानं आयुष्यभर शतांश मिलिमीटरमध्ये विचार केला त्याच्याशेजारी बसून हे करायला मिळणं, याची तुलना विमानतळावरच्या एका फेरीशी होत नाही. तुमच्याकडे फक्त एक अवजार नसेल, फ्लायव्हीलच्या ५४ मिलिमीटरच्या नटाचा पाना. तो भाड्यानं आणा, आणि फ्लायव्हील अडवून धरायला पट्टी आधी बनवून ठेवा. त्या नटाशी छिन्नी-हातोडीनं भांडू नका.

तोपर्यंत, म्हणजे आत्ता, तुम्ही करायचं काम कागदावरचं आहे. एलव्हीव्ही सर्टिफायरला, म्हणजे बदल केलेल्या गाड्या तपासून मंजूर करणाऱ्याला, भेटा. इंजिन बदललं की गाडीला त्याच्या मंजुरीची प्लेट लागणार, नाहीतर वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला, मिळणार नाही आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. बहुतेक लोक काम झाल्यावर त्याच्याकडे जातात आणि मग वेल्डिंग कापून परत करतात. तुम्ही पहिला बोल्ट काढण्याआधी जा. कुठलं इंजिन, कुठले माउंट, कुठले ब्रेक हे सांगा आणि तो जे म्हणेल ते लिहून घ्या. मागे ड्रम, पाट्यांच्या स्प्रिंगवरचा ॲक्सल आणि पन्नास वर्षांचा डिफरन्शियल असलेल्या गाडीला दुप्पटीहून जास्त ताकद देताय. त्याचा पहिला प्रश्न ब्रेकचा असेल. पुढचे ब्रेक, मास्टर सिलेंडर, डिफरन्शियल हा खर्च इंजिनाच्या आधी धरा. साडेचार हजारांचं इंजिन असेल तर त्याच्या दुप्पट रक्कम बाजूला हवी, असं मी तुमच्या पत्नीला स्पष्ट सांगेन. त्यांची भीती अनाठायी नाही. पैसे मातीत जातात ते बहुतेक वेळा अर्धवट सोडलेल्या गाडीत जातात.

उष्णतेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण घरी केलेल्या रोटरी मी याच कारणानं मेलेल्या बघितल्यात. रोटरच्या आत पाणी जात नाही, त्याला आतून थंड करतं ते तेल. शाफ्टमधल्या जेटमधून तेल रोटरच्या पोटात फवारलं जातं आणि ते मोठी उष्णता घेऊन बाहेर येतं. म्हणून ऑइल कूलर हा इंजिनाचाच अवयव आहे. एफसीच्या पुढच्या भागात जो मोठा कूलर असतो तो इंजिनासोबत मागा, त्याच्या नळ्यांसकट. विकणाऱ्यानं तो वेगळा काढून ठेवला असेल तर किंमत त्याच्यासकट ठरवा. आत धातूचा भुसा साठलेला असू शकतो, नीट धुऊन घ्या. ८०८चा मूळ रेडिएटर कामाचा नाही. आणि एक्झॉस्ट ज्या बाजूला येईल त्या बाजूला ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, क्लचची नळी कुठून जाते ते हातानं चाचपून बघा. रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टनपेक्षा खूप जास्त तापतो. उष्णता अडवणारे पत्रे टर्बोभोवती आणि गाडीच्या तळाशी लावल्याशिवाय लांब फेरी नको. हे इंजिन एकदा उकळलं की ॲल्युमिनियम आणि लोखंड वेगवेगळं प्रसरण पावून पाण्याच्या सील जातात. तापमानाचा काटा कंपनीचा नको, आकडा दाखवणारा खरा गेज लावा.

ताकदीच्या मागे लागू नका. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कंपनीचा; पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायची तोंडं, कंपनीचे. मोठे पोर्ट कापून तो ब्रॅप-ब्रॅप आवाज काढणाऱ्या गाड्या तुम्ही दक्षिण ऑकलंडमध्ये ऐकल्या असतील, आणि मलाही तो आवाज आवडतो. पण ज्या गाडीत आबांना बसवायचंय ती सिग्नलला शांत उभी राहिली पाहिजे. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं भरा. रोटरीला डिटोनेशन, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून बसणारा ठोका, माफ नाही. पिस्टन चार-सहा ठोके सोसतो, एपेक्स सीलला एक वाईट ठोका पुरतो. ट्युनिंग रोटरी जाणणाऱ्या माणसाकडूनच, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर.

आणि दोन सवयी घरातल्या सगळ्यांना लावा. थंड इंजिन चालू करून गाडी गॅरेजमधून ड्राइव्हवेवर काढली आणि लगेच बंद केली, असं करायचं नाही. आत पेट्रोल साचतं, सीलवरचं तेल धुतलं जातं, कंप्रेशन बसतं आणि गाडी परत सुरू होत नाही. चालू केली की गरम होऊ द्यायची, मगच बंद. तरी कधी झालंच तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, प्लग काढा, स्टार्टर मारून आतलं पेट्रोल बाहेर उडवा. भोकापासून तोंड आणि ठिणगी दोन्ही लांब. दुसरं म्हणजे तेल. या इंजिनाला सीलसाठी थोडं तेल जाळावंच लागतं. ऑइल मीटरिंग पंप ते थेंब-थेंब आत सोडतो. बरेच जण तो पंप काढून फक्त पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळतात. मी म्हणेन पंप ठेवा, आणि वर दर टाकीला थोडं तेलही मिसळा. पंप काढला तर ज्या दिवशी दुसऱ्या कुणी नुसतं पेट्रोल भरलं त्या दिवशी सील कोरड्या फिरतात. तेलाची पातळी दर दुसऱ्या टाकीला बघायची. आबांना जुन्या लूनात पंपावर तेल मिसळून घेतल्याचं आठवत असेल, त्यांना हे समजवावं लागणार नाही.

भावाला मात्र नाही म्हणा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. थकलेल्या इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीनं बसवता येतं, पण फियाटमध्ये रोटरी हे त्यात बसत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्या फियाटचं मूळ इंजिन आबांच्या जुन्या सोबत्यांकडून नीट रीबोअर करून घ्यावं. उद्यमनगरात ते काम आजही उत्तम होतं.

या शनिवारी त्या माणसाकडे जाऊन या. सहा आकडे, कुठल्या वेगाला घेतले ते, आणि चारही प्लगच्या टोकांचे फोटो मला पाठवा. त्यावरून साडेचार हजार द्यायचे की घासाघीस करायची की दुसरं इंजिन शोधायचं, ते सांगतो.